आयपीएल खरंच चेन्नईच्या विरोधात आहे का? फॅन्सचे आरोप आणि कागदावरचा हिशोब

धोनी आऊट झाला आणि रिप्लेमध्ये थोडी जरी शंका दिसली, की पुढच्या दहा मिनिटांत सोशल मीडियावर काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. स्क्रीनशॉट फिरतात, त्यावर लाल गोल काढलेले असतात आणि खाली एकच वाक्य असतं, ‘आयपीएलला चेन्नई जिंकायला नकोय.’

मुंबईच्या फॅन्सना हे वाचून हसू येतं, कारण त्यांना वर्षानुवर्षं उलटा टोमणा ऐकावा लागतो. ‘मुंबई इंडियन्स नाही, अंपायर इंडियन्स.’ बेंगळुरूवाल्यांकडे त्यांची स्वतःची यादी आहे.

म्हणजे प्रत्येकालाच वाटतं की लीग आपल्या विरोधात आहे. पण चेन्नई सुपर किंग्जची गोष्ट थोडी वेगळी आहे. या टीमवर खरोखर दोन वर्षांची बंदी आली होती. तिचे घरचे सामने एकदा नाही, तर अनेकदा दुसऱ्या शहरात हलवले गेले. तिच्या शहरात होणारी फायनलसुद्धा ऐनवेळी दुसरीकडे गेली. आणि ही साधीसुधी टीम नाही. सर्वात लोकप्रिय कोण यावर वाद घालता येईल, पण वानखेडे असो नाहीतर ईडन गार्डन्स, दुसऱ्याच्या घरात स्टेडियम पिवळं करून टाकणारी टीम हीच.

मग आरोपात तथ्य किती? एकेक मुद्दा घेऊन बघूया.

आधी फॅन्सची बाजू

चेन्नईच्या फॅन्सच्या तक्रारींच्या यादीत साधारण पाच गोष्टी असतात.

पहिली, २०१५ ची बंदी. १४ जुलै २०१५ रोजी लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन्ही टीमना दोन वर्षांसाठी बाहेर काढलं. फॅन्सचं म्हणणं असं, की बेटिंग केली एका माणसाने, त्यात धोनीचा काय दोष? रैनाचा काय दोष? सुक्याबरोबर ओलंही का जाळलं?

दुसरी, घराबाहेर काढणं. २०१८ मध्ये दोन वर्षांची बंदी संपवून टीम परत आली. चेपॉकवर १० एप्रिलला एकच सामना झाला आणि उरलेले सहा सामने पुण्याला, गहुंजेच्या स्टेडियमवर हलवले गेले. त्याआधी २०१४ मध्येही चेन्नईला घरचे सामने रांचीत खेळावे लागले होते.

तिसरी, २०१९ ची फायनल. चेन्नई आदल्या वर्षीची चॅम्पियन होती, त्यामुळे फायनल चेपॉकवर ठरली होती. ती हैदराबादला गेली. तिथे मुंबईने १४९ केले, चेन्नई १४८ वर थांबली. एका रनने कप गेला. त्याच सामन्यात धोनी रनआऊट झाला तेव्हा थर्ड अंपायर नायजेल लाँग यांनी बराच वेळ वेगवेगळ्या कोनांतून रिप्ले बघितले होते. एका कोनातून बॅट आत वाटत होती, दुसऱ्यातून बाहेर. निर्णय आऊटचा आला.

चौथी, १२ मे २०२२, वानखेडे. चेन्नई विरुद्ध मुंबई. विजेच्या अडचणीमुळे सुरुवातीला डीआरएस उपलब्धच नव्हतं. पहिल्याच ओव्हरमध्ये डेव्हन कॉनवेला एलबीडब्ल्यू दिलं. चेंडू लेग स्टंपच्या बाहेर जातोय असं वाटत होतं, पण रिव्ह्यू घेण्याची सोयच नाही. पुढे चेन्नई ९७ वर ऑलआऊट झाली, सामना हरली आणि प्लेऑफच्या शर्यतीतून बाहेर पडली.

पाचवी, एप्रिल २०१९ चा जयपूरचा नो-बॉल. एका अंपायरने नो-बॉलसाठी हात वर केला आणि नंतर तो निर्णय मागे घेतला गेला. ‘कॅप्टन कूल’ धोनी चक्क डगआऊटमधून मैदानात आला. त्याची ५० टक्के मॅच फी कापली गेली.

सगळं एकत्र वाचलं की कुणालाही वाटेल, इथे काहीतरी पाणी मुरतंय. आता यातली प्रत्येक गोष्ट कुणी केली आणि का केली ते तपासूया, कारण खरी मेख तिथेच आहे.

सामने चेन्नईतून कुणी हलवले?

२०१८ मध्ये तामिळनाडूत कावेरी पाणीवाटपावरून आंदोलन पेटलं होतं. कावेरी व्यवस्थापन मंडळ स्थापन व्हावं अशी मागणी होती आणि राज्य पेटलेलं असताना शहरात क्रिकेटचा तमाशा नको असं आंदोलकांचं म्हणणं होतं. १० एप्रिलच्या सामन्यात प्रेक्षकांमधून मैदानात चपला-बूट फेकले गेले. पुढच्या सामन्यांच्या सुरक्षेची हमी मिळेना, म्हणून सामने पुण्याला गेले.

यात लीगचा फायदा काय होता? काहीच नाही. उलट दोन वर्षांनी परतलेली धोनीची टीम भरलेल्या चेपॉकवर खेळताना दाखवणं हा लीगसाठी सर्वात मोठा सोहळा होता, तो हातचा गेला. फॅन्सना तर चेन्नईहून पुण्याला खास ट्रेनने आणलं गेलं आणि गहुंजे पिवळं झालं. त्या वर्षीचा कपही चेन्नईनेच जिंकला.

२०१४ आणि २०१९ मागे कारण एकच होतं, चेपॉकचे आय, जे आणि के हे तीन स्टँड. बांधकामाच्या परवानगीवरून हे स्टँड अनेक वर्षं बंद होते. तीन मोठे स्टँड रिकामे ठेवून फायनल घ्यायची नव्हती आणि स्थानिक परवानगी मिळत नव्हती. म्हणून फायनल हैदराबादला गेली. म्हणजे हा वाद होता तामिळनाडू क्रिकेट असोसिएशन आणि स्थानिक यंत्रणांचा. नुकसान चेन्नईचं झालं हे खरं, पण ते कुणी मुद्दाम केलं याला आधार नाही.

नुकसान होणं आणि कुणीतरी नुकसान करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॅन म्हणून आपण पहिली बघतो आणि दुसरी गृहीत धरतो.

अंपायरच्या चुकांचं काय?

कॉनवेच्या विकेटमध्ये चेन्नईचं वाईट झालं, यात वाद नाही. पण डीआरएस तेव्हा दोन्ही टीमसाठी बंद होतं. चेन्नई आधी बॅटिंग करत होती म्हणून फटका तिला बसला. टॉस उलटा पडला असता तर कदाचित मुंबईचे फॅन आज तेच स्क्रीनशॉट फिरवत असते.

जयपूरचा प्रसंग तर जास्त इंटरेस्टिंग आहे. पहिली गोष्ट, तो सामना चेन्नईनेच जिंकला, सँटनरने शेवटच्या चेंडूवर सिक्स मारून. दुसरी गोष्ट, शिक्षेची तुलना करा. २०२२ मध्ये दिल्ली विरुद्ध राजस्थान सामन्यात असाच नो-बॉलचा वाद झाला. दिल्लीचा कॅप्टन ऋषभ पंत सीमारेषेवरून बॅट्समनना परत बोलवत होता. सहायक कोच प्रवीण आमरे मैदानात गेले. पंतची १०० टक्के मॅच फी कापली गेली. आमरेंना १०० टक्के दंड आणि वर एका सामन्याची बंदी झाली.

धोनी स्वतः मैदानात गेला होता. त्याला ५० टक्के.

आता सांगा, झुकतं माप कुणाला मिळालं? दोन प्रसंगांवरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही हे खरं. पण ‘चेन्नईला जास्त कडक शिक्षा होते’ असं म्हणणाऱ्यांच्या यादीत हा प्रसंग बसत नाही, हेही तितकंच खरं.

जयपूरच्या दोनच आठवडे आधी, २८ मार्च २०१९ ला बेंगळुरूत मलिंगाचा शेवटचा चेंडू नो-बॉल होता आणि तो अंपायरच्या लक्षातच आला नाही. बेंगळुरू सहा रनने हरली. म्हणजे त्या सीझनला अंपायरिंग खराब होतं, आणि त्याचा फटका अनेकांना बसला. पुढच्याच सीझनपासून, म्हणजे २०२० पासून, पायाचा नो-बॉल बघायचं काम थर्ड अंपायरकडे गेलं. २०२३ पासून वाइड आणि नो-बॉलवरही रिव्ह्यू घेता येऊ लागला.

आणि ती दोन वर्षांची बंदी?

हा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. इथे थोडं मागे जावं लागेल.

चेन्नईची फ्रँचायझी घेतली इंडिया सिमेंट्सने. या कंपनीचे प्रमुख एन. श्रीनिवासन. ते त्याच वेळी बीसीसीआयमध्ये पदाधिकारी होते, पुढे सचिव आणि मग अध्यक्ष झाले. बीसीसीआयच्या नियमावलीत ६.२.४ नावाचं एक कलम होतं. बोर्डाच्या पदाधिकाऱ्याचा बोर्डाच्या सामन्यांमध्ये व्यावसायिक हितसंबंध असता कामा नये, असा त्याचा सरळ अर्थ. सप्टेंबर २००८ मध्ये त्यात बदल केला गेला आणि आयपीएलला त्यातून सूट दिली गेली.

सोप्या भाषेत सांगायचं तर, गल्लीतल्या टूर्नामेंटचा आयोजक, नियम ठरवणारा आणि एका टीमचा मालक एकच माणूस. आणि त्याला चालेल असा नियमही करून घेतलेला.

मे २०१३ मध्ये स्पॉट फिक्सिंगचं प्रकरण फुटलं. १६ मे रोजी दिल्ली पोलिसांनी राजस्थानच्या श्रीसंत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण यांना अटक केली. काही दिवसांत मुंबई पोलिसांनी गुरुनाथ मय्यपन यांना बेटिंगच्या आरोपात अटक केली. मय्यपन म्हणजे श्रीनिवासन यांचे जावई आणि चेन्नईच्या डगआऊटमधला नेहमीचा चेहरा. त्यांच्या अटकेनंतर फ्रँचायझीने ते मालक नाहीत, पदाधिकारी नाहीत असा पवित्रा घेतला.

बीसीसीआयने चौकशीसाठी दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली. जुलै २०१३ मध्ये या समितीने क्लीन चिट दिली. क्रिकेट असोसिएशन ऑफ बिहार मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. क्लीन चिट आल्यावर दोनच दिवसांत न्यायालयाने सांगितलं, की ही समिती नेमण्याची पद्धतच बेकायदेशीर आहे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथून न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती आली. २२ जानेवारी २०१५ ला न्यायालयाने ६.२.४ मधला तो बदल रद्द केला. शिक्षा ठरवण्यासाठी माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांची समिती नेमली आणि त्या समितीने बंदीचा निर्णय दिला. मय्यपन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांच्यावर बीसीसीआयच्या क्रिकेटमध्ये आजीवन बंदी आली.

आता हा क्रम पुन्हा एकदा नजरेखालून घाला. लीग चालवणाऱ्या बोर्डाने काय केलं? क्लीन चिट दिली. शिक्षा कुणी दिली? न्यायालयाने नेमलेल्या समितीने. म्हणजे ज्या बंदीला फॅन्स ‘लीगचा अन्याय’ म्हणतात, ती लीगने दिलेलीच नव्हती. लीग तर तेव्हा चेन्नईच्या मालकाच्या हातात होती.

खेळाडूंवर अन्याय झाला का? झाला. धोनी आणि अश्विन पुण्याच्या टीममध्ये गेले, रैना आणि जडेजा गुजरातच्या. आठ सीझन जमवलेला संच फुटला. पण नियम असा होता की फ्रँचायझीशी संबंधित व्यक्तीने खेळाची बदनामी केली तर जबाबदारी फ्रँचायझीची. आणि तीच शिक्षा राजस्थानलाही झाली, जी टीम लोकप्रियतेत चेन्नईच्या जवळपासही नव्हती.

जाता जाता, २०१७ ची फायनल आठवा. पुण्याकडून खेळणारा धोनी हैदराबादमध्ये मुंबईकडून एका रनने हरला होता. दोन वर्षांनी चेन्नईकडून खेळताना तेच मैदान, तीच प्रतिस्पर्धी टीम, तोच एक रन. कटाच्या गोष्टी रचायला असा योगायोग फार कामाला येतो.

लीगचा फायदा कशात आहे?

पक्षपाताचा आरोप करताना एक प्रश्न विचारायलाच हवा. यातून पैसे कुणाला मिळतात?

जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे मीडिया हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. हा पैसा येतो लोक सामने बघतात म्हणून. आणि धोनी बॅटिंगला आला की बघणाऱ्यांचा आकडा वाढतो, हे आपण मोबाईलच्या स्क्रीनवर लाइव्ह बघितलंय.

म्हणूनच वेळापत्रक बघा. २०१८ ते २०२४ या सात सीझनपैकी सहा सीझनचा पहिला सामना चेन्नईचा होता. काही वेळा ती चॅम्पियन होती म्हणून मान होताच, पण २०१८, २०२० आणि २०२३ मध्ये चॅम्पियन दुसरं कुणीतरी होतं, तरी समोर चेन्नईच.

२०२५ च्या सीझनआधी एक जुना नियम परत आला. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेला भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’ धरायचा. धोनीचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना जुलै २०१९ चा. चेन्नईने त्याला अवघ्या ४ कोटींत कायम ठेवलं. या नियमाचा फायदा राजस्थानच्या संदीप शर्मासारख्या इतरांनाही झाला. पण हा नियम ‘धोनी रूल’ म्हणूनच ओळखला गेला, उगाच नाही.

मैदानावरचा रेकॉर्ड तर समोरच आहे. पहिले दहा सीझन खेळले, त्या दहाही वेळा चेन्नई सेमीफायनल किंवा प्लेऑफमध्ये. त्यातल्या आठ वेळा फायनलमध्ये. आजवर पाच कप, मुंबईइतकेच. अर्थात जिंकणं हा पक्षपात नसल्याचा पुरावा नव्हे, चांगली टीम अन्याय सोसूनही जिंकू शकते. पण पैसा, वेळापत्रक, नियम आणि बोर्डातली सत्ता हे सगळं एका दिशेला दिसत असेल, तर उलट दिशेचा कट सिद्ध करायला स्क्रीनशॉटपेक्षा भक्कम काहीतरी लागेल.

मग आपल्याला असं का वाटतं?

१९५१ मध्ये अमेरिकेत डार्टमाउथ आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांचा फुटबॉल सामना झाला. खूप मारामारी झाली. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमाउथच्या टीमचे नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दुपटीहून जास्त दिसले. फिल्म तीच, डोळे वेगळे. आपल्याकडे याला साधी म्हण आहे, आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

दुसरं कारण गणिताचं. समजा फक्त टॉस घेतला. १४ पैकी १० किंवा त्याहून जास्त टॉस हरण्याची शक्यता साधारण ९ टक्के असते. ऐकायला कमी वाटते. पण लीगमध्ये टीम दहा आहेत. म्हणजे सरासरी जवळपास दर सीझनला एका टीमच्या वाट्याला असं नशीब येणारच, कुणीही काहीही न करता. ती टीम कमी फॅन्सची असेल तर चर्चा होत नाही. चेन्नई, मुंबई किंवा बेंगळुरू असेल तर ट्रेंड होतो.

म्हणजे लोकप्रिय टीमवर जास्त अन्याय होतो असं नाही. तिच्यावर झालेला प्रत्येक अन्याय लाखो लोक बघतात, जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा फिरवतात. तिच्या बाजूने झालेली चूक मात्र कुणी जपून ठेवत नाही.

तिसरी गोष्ट फॅन्सना आवडणार नाही. गर्दीचा दबाव अंपायरवर येतो का, यावर अभ्यास झालाय. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० फुटबॉल रेफरींना एकाच सामन्याचे प्रसंग दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या टीमविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. हे फुटबॉलचं झालं, क्रिकेटला तसंच लागू होईल असं नाही. पण माणसाचा स्वभाव बघता, जिच्या मागे जास्त गर्दी, तिच्या बाजूने चूक होण्याची शक्यता जास्त, कमी नाही.

तर मग सगळं आलबेल आहे का?

नाही. आणि इथे फॅन्सचा राग चुकीच्या ठिकाणी असला तरी संशय पूर्ण चुकीचा नाही.

आयपीएलमध्ये खरा पक्षपात शक्य होता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाने दाखवून दिलं. फक्त तो कुठल्यातरी एलबीडब्ल्यूमध्ये नव्हता, तो नियमावलीत होता. ज्याच्या हातात लीग, त्याचीच टीम. आणि तो चेन्नईच्या विरोधात नाही, चेन्नईच्या मालकाच्या सोयीचा होता.

दुसरं म्हणजे पारदर्शकता. अमेरिकेची बास्केटबॉल लीग एनबीए २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या निर्णयांचा अहवाल जाहीर करते. कुठला निर्णय बरोबर, कुठला चुकला, सगळं लोकांसमोर. आयपीएलमध्ये अंपायर बीसीसीआय नेमते, त्यांचं मूल्यमापनही होतं, पण प्रेक्षकांसमोर असा हिशोब ठेवला जात नाही. कुठल्या टीमविरुद्ध किती निर्णय चुकले हे फॅनला कळायला मार्ग नाही. मग तो स्वतःची यादी बनवतो आणि त्या यादीत फक्त स्वतःच्या टीमवरचे अन्याय असतात.

थोडक्यात, आयपीएल चेन्नईच्या विरोधात असल्याचा पुरावा मिळत नाही. सामने हलले ते आंदोलनामुळे आणि बंद स्टँडमुळे, बंदी आली ती न्यायालयाच्या समितीकडून, आणि अंपायरच्या चुका झाल्या तशा इतरांच्या बाबतीतही झाल्या. पुढच्या वेळी असा एखादा व्हिडीओ ग्रुपवर आला, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा निर्णय नेमका कुणी घेतला? आणि यातून त्याला काय मिळालं? चेन्नईच्या बाबतीत हे प्रश्न २०१३ मध्ये विचारले गेले, म्हणूनच ६.२.४ मधला तो बदल न्यायालयात रद्द झाला.